धनेशाची चोच आणि मृतांचा वारसा

घरातील कर्ते माणूस निवर्तले म्हणजे दुःखाचा पहिला भर ओसरतो न ओसरतो तोच एक व्यावहारिक प्रश्न कुटुंबापुढे उभा राहतो: जी जमीन, जी झाडे, जे देणे-घेणे आणि जो मानपान त्या व्यक्तीच्या नावावर होता, तो आता कोणाच्या नावावर चढायचा? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर तलाठ्याच्या दप्तरात मिळते. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, फेरफाराची नोंद आणि सातबाऱ्यावरचे नवे नाव ही वाट सर्वांच्या पायाखालची आहे. परंतु ज्या समाजाजवळ कागद नव्हता, लिपी नव्हती आणि दप्तरही नव्हते, त्या समाजात मृताचा हक्क जिवंतांकडे कसा जात असे, आणि पुढे पन्नास वर्षांनी त्याविषयी तंटा उपस्थित झालाच, तर तो कशाच्या आधारे मिटवीत असत?

या प्रश्नाला मानवजातीने जी अनेक उत्तरे शोधली, त्यांतील एक अत्यंत सुंदर उत्तर प्रशांत महासागरातील मेलानेशिया नामक द्वीपप्रदेशात लाकडात कोरलेले आढळते. तेथील न्यू आयर्लंड या बेटावरचे मुखवटे पाहावेत, तर मानवी चेहऱ्याच्या कपाळावर, कधी मुखासमोर, तर कधी दोन्ही कानांच्या जागी पक्ष्यांची मस्तके कोरलेली दिसतात. आणि त्या पक्ष्यांत लांब, बाकदार चोचीचा धनेश पुनःपुन्हा भेटतो. महिनोन्‌महिने खपून कोरलेले हे काम समारंभात थोडा वेळ मांडले जाते आणि मग ते जाळून टाकतात किंवा रानात कुजू देतात. एवढ्या कष्टाने घडविलेली वस्तू टाकून का द्यावी, आणि मृतांच्या स्मारकावर पक्ष्याचे काय काम, ही दोन कोडी दिसायला वेगळी असली, तरी त्यांची उकल एकच आहे, आणि तीच येथे क्रमाने मांडावयाची आहे.

बेट आणि बेटावरची माणसे

न्यू गिनीच्या ईशान्येस बिस्मार्क द्वीपसमूह पसरला आहे. त्यातील न्यू आयर्लंड हे तीनशे किलोमीटरांहून अधिक लांबीचे, पण अगदी चिंचोळे असे बेट आहे. १७६७ साली फिलिप कार्टरेट या इंग्रज दर्यावर्द्याने ते स्वतंत्र बेट असल्याचे ठरवून त्यास हे नाव दिले. १८८४ पासून पहिल्या महायुद्धाच्या आरंभापर्यंत तेथे जर्मन अंमल होता, त्यानंतर ऑस्ट्रेलियाचा आला, आणि १९७५ पासून हे बेट पापुआ न्यू गिनी या स्वतंत्र राष्ट्राचा भाग आहे. राजसत्तेच्या या उलथापालथीहून बेटावरील समाजाची घडी पुष्कळ जुनी आहे.

ही घडी मातृवंशीय आहे, म्हणजे मूल आईच्या कुळाचे समजले जाते आणि हक्कही त्याच धाग्याने खाली उतरतात. हॉर्टेन्स पावडरमेकर या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ स्त्रीने १९२९-३० मध्ये बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील लेसू या गावी राहून केलेले निरीक्षण १९३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यात तिने नोंदविले आहे की, सारा गाव दोन अर्धांत विभागलेला असून एका अर्धाचे चिन्ह गरुड, तर दुसऱ्याचे ससाणा आहे. गरुडाच्या माणसाने ससाण्याच्या अर्धातच लग्न करावयाचे. आणि बाप व मुले यामुळे नेहमीच निरनिराळ्या अर्धांत पडतात. मृत्यूच्या प्रसंगी या दोन्ही अर्धांची एकमेकांप्रती ठरलेली कर्तव्ये असतात. अशा समाजात माणूस आपली ओळख सांगताना पक्ष्याचाच आधार घेतो, ही गोष्ट ध्यानी धरली म्हणजे मुखवट्यावर पक्ष्याचे मस्तक दिसावे यात नवल वाटेनासे होते.

धनेशाचे मोठेपण

पक्षी तर बेटावर पुष्कळ आहेत; मग कारागिराच्या हातून धनेशच वारंवार का उमटावा? त्या पक्ष्याचे रूप आणि वर्तन पाहिले म्हणजे याचा थोडाबहुत उलगडा होतो. न्यू आयर्लंडच्या अरण्यात राहणारा पापुआ धनेश हा देहाने मोठा, काळा, शुभ्र शेपटीचा पक्षी असून नराचे मस्तक व मान तांबूस सोनेरी, तर मादीचे काळे असते. गळ्यापाशी फिकट निळसर-पांढरी उघडी त्वचा दिसते. चोचीच्या बुडाशी, वरच्या अंगास, वळकट्यांसारखे उंचवटे असतात आणि वयाबरोबर त्यांत भर पडत जाते. म्हणून त्या वळकट्या मोजून पक्ष्याची वर्षे सांगता येतात असा समज फार दूरवर रूढ झाला. ज्याच्या अंगावर काळ उमटत जातो असा हा पक्षी आहे.

शिवाय तो दिसण्याआधी ऐकू येतो. इतर पक्ष्यांच्या मोठ्या पिसांची मुळे खालच्या बाजूने लहान पिसांनी झाकलेली असतात. धनेशाच्या पंखांत हे आच्छादन अपुरे असल्यामुळे पिसांमधील फटींतून हवा सुसाट निघते आणि प्रत्येक फटकाऱ्याबरोबर मोठा घोष होतो. कोकणातील देवरायांत, फळांनी लगडलेल्या वडा-उंबरांवर उतरणारे धनेश ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हा आवाज निराळा सांगावयास नको. विणीच्या काळी मादी झाडाच्या ढोलीत शिरून दार लिंपून घेते, एक अरुंद फट तेवढी ठेवते, आणि नर त्या फटीतून तिला व पिलांना फळे भरवतो. पापुआ धनेशही याच कुळरीतीने वागतो. न्यू आयर्लंडच्या कोरीव मस्तकांत कित्येकदा धनेशाच्या चोचीच्या टोकांत एक गोल फळ धरलेले दाखवतात. ज्या कारागिराने हे फळ कोरले, त्याने पक्षी नुसता पाहिला नव्हता. तो काय करतो हेही पाहिले होते.

सातविणीचे लाकूड, शंखाचा डोळा

मुखवटे, उंच खांब, आडव्या जाळीदार पट्ट्या आणि मानवी आकृत्या अशा नाना रूपांच्या या कोरीवकामास, तसेच ज्या समारंभात ते मांडतात त्या समारंभासही, उत्तर न्यू आयर्लंडमध्ये मलंगन म्हणतात. ही परंपरा पूर्वेकडील टाबार या लहान बेटांवरून आली असे तेथील लोक सांगतात.

मलंगनासाठी जे लाकूड प्रामुख्याने वापरतात, ते आपल्या परिचयाच्या सातविणीचे आहे. एकाच पेरावर सात पानांचा झुबका धरणारे, शरदाच्या संध्याकाळी उग्र सुगंधाने सारा रस्ता भरून टाकणारे हे झाड भारतापासून थेट मेलानेशियापर्यंत पसरलेले आहे. त्याचे लाकूड पांढरट, हलके आणि सारख्या पोताचे असल्यामुळे आपल्या देशात पूर्वी त्याच्या शाळकरी मुलांसाठी लिहिण्याच्या पाट्या करीत. ज्या गुणांमुळे ते पाटीस योग्य ठरले, त्याच गुणांमुळे ते मलंगनासही योग्य ठरले. लाकूड मऊ असल्याने धारदार हत्याराखाली ते न फुटता हवे तसे कापले जाते, आणि हलके असल्याने डोक्यावर चढवून नाचणाऱ्याच्या मानेला पुढे आलेल्या चोचीचा भार असह्य होत नाही.

झाड तोडून, ओंडका वाळवून, कारागीर गावापासून आडोशाला, स्त्रियांना मज्जाव असलेल्या कुंपणात काम आरंभतो. पूर्वी दगडाच्या व शिंपल्याच्या धारेची हत्यारे असत, आणि पृष्ठभाग शार्कच्या खरखरीत कातडीने घासून गुळगुळीत करीत. एकोणिसाव्या शतकात लोखंड आले आणि जाळीकाम अधिकच नाजूक होत गेले. आकाराभोवती सडपातळ काड्यांचा पिंजरा तसाच राखून त्याच ओंडक्याच्या पोटातून पक्षी, मासा, साप आणि मानवी मुख मोकळे करावयाचे, ही या कोरीवकामाची खरी करामत होय. इंग्लिश शिल्पकार हेन्री मूर याने लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ही कामे पाहिली, आणि एका आकाराच्या पोटात दुसरा आकार राहू शकतो या दर्शनाचा खोल संस्कार आपल्यावर झाल्याचे त्याने सांगितले आहे.

पुढे रंग येतात. पोवळ्याच्या खडकाचा भाजून केलेला चुना पांढऱ्यासाठी, कोळसा काळ्यासाठी, तांबडी माती लालसाठी. व्यापारी जहाजे येऊ लागल्यावर कपड्यांना घालावयाची नीळही रंगाच्या वाटीत आली. सर्वांत शेवटी डोळा बसवतात. एका समुद्री गोगलगाईच्या शंखाच्या तोंडाशी, ती आत शिरली म्हणजे बंद होणारे, एक टणक झाकण असते. हे झाकण आतल्या अंगास सपाट असते व त्यावर बारीक चक्राकार रेषा दिसते. बाहेरचे अंग फुगीर, चकाकते, मध्यभागी गर्द हिरवे, भोवताली तपकिरी आणि कडेस पांढरे असते. हे झाकण खोबणीत बसवले की प्रकाशाची तिरीप त्यावर पडते आणि पाहणाराच आपण पाहिले जात आहोत असे समजून क्षणभर थबकतो. मलंगनाची मानवी मुखे आणि पक्षिमस्तके या एका डोळ्याने सजीव होतात.

दातांत धरलेले मस्तक

पक्ष्याचे मस्तक नेहमीच मुखवट्याला जडलेले असते असे मात्र नाही. न्यू आयर्लंडमध्ये व त्याच्या शेजारच्या भागात नर्तक धनेशाचे स्वतंत्र कोरलेले मस्तक दातांत धरून नाचत. या मस्तकाच्या मागील बाजूस एक लहान चपटा दांडा राखलेला असतो. नर्तक तो दातांत घट्ट धरतो, आणि मग त्याच्या चेहऱ्यासमोर चोच, वळकट्या आणि रंगवलेले डोळे यांसह दुसराच चेहरा तरंगू लागतो. तोंड असे गुंतल्यामुळे नर्तकाला गाता येत नाही, बोलता येत नाही. अर्थ सांगण्याचे सारे काम मानेकडे येते. फांदीवर बसलेला धनेश जसा मान वाकडी करून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहतो, तशी सावध, तुटक हालचाल रांगेतील सर्व नर्तक एका तालावर करतात. येथे कोरीवकाम आणि शरीर यांची वाटणी पाहण्याजोगी आहे: रूप लाकडाने द्यावयाचे आणि प्राण मानेने.

पूर्ण मुखवट्यांचेही अनेक प्रकार आहेत. ततानुआ नावाच्या मुखवट्यावर मध्यभागी उंच तुरा असतो आणि दोन्ही बाजू निराळ्या रंगाच्या असतात. सुतकाच्या काळात पुरुष डोक्याच्या कडा तासून मधले केस राखीत, त्याचे ते रूप होय. दुसऱ्या प्रकारच्या मोठ्या मुखवट्यांना कानांच्या जागी रुंद जाळीदार फळ्या जोडतात आणि त्या फळ्यांवर चोचीत साप धरलेले पक्षी कोरतात. असा मुखवटा चढवून फिरणाऱ्याने शोककाळात घातलेले निर्बंध उठविले म्हणजे गावाचे दैनंदिन जीवन पुन्हा मोकळे होते.

प्रतिमेची मालकी

आता आपण मूळ कोड्याच्या गाभ्याशी येतो. माणूस मेला म्हणजे त्याला मूठमाती देतात, पहिली जेवणे होतात. परंतु मलंगन त्या वेळी होत नाही. मृताचे आप्त डुकरे पाळतात, अळूचे मळे लावतात, शंखशिंपल्यांच्या माळांचे चलन साठवतात, आणि पुष्कळदा कित्येक वर्षांनंतर, एकाच नव्हे तर अनेक मृतांसाठी मिळून, अखेरचा समारंभ मांडतात. त्यात मृतांचे सर्व ऋण फेडले जाते, आणि त्या दिवसापासून जिवंतांवरील त्यांचा दावा संपला असे समजतात.

या समारंभात जी प्रतिमा कोरून मांडावयाची, ती कोणालाही कोरून घेता येत नाही. प्रत्येक मलंगनावर व त्यातील ठरावीक अंगांवर कोणा एका व्यक्तीची वा कुळाची मालकी असते. पक्षी तोच असेल, परंतु त्याच्या चोचीत फळ आहे की साप, तो कोणत्या आकृतीवर बसला आहे, त्याच्या शेजारी मासा आहे की मानवी मुख, अशा तपशिलांच्या जुळणीवरून ती प्रतिमा कोणाची हे जाणकार ओळखतात. हक्क नसताना कोणी दुसऱ्याचे अंग कोरून मांडले, तर भर सभेत आक्षेप निघतो आणि भरपाई द्यावी लागते.

हा हक्क हस्तांतरित होतो तो समारंभातच. ज्याला प्रतिमा मिळावयाची, तो ठरलेला मोबदला जमलेल्या मंडळींसमक्ष देतो आणि मांडलेले कोरीवकाम डोळे भरून पाहून घेतो. पुढे त्याच्यावर तशी वेळ आली म्हणजे, कधी एका पिढीच्या अंतराने, तो कारागिराला बोलावून त्या वेळी पाहिलेले रूप तोंडी सांगतो आणि कारागीर ते नव्याने घडवतो. कारागीर कुशल असतो, मालक तो असतोच असे नाही. हक्काचेही प्रकार आहेत: कोणाला एकदाच मांडण्याची मुभा, तर कोणाला पुढे दुसऱ्यास देण्याचाही अधिकार.

आपल्या इतिहासातील महजराची येथे सहजच आठवण होते. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला म्हणजे निवाडा लिहून त्याखाली हजर असलेल्यांच्या साक्षी आणि निशाण्या घालीत. पाटील आपला नांगर काढी, महाजन आपला तराजू काढी. महजराचे बळ शाईत नव्हते. इतक्या जणांनी एके ठिकाणी बसून ही गोष्ट पाहिली आणि मान्य केली, यात होते. मलंगनाच्या मांडणीत नेमके हेच घडते. जमलेल्यांनी धनेशाची चोच पाहिली, मोबदला दिला-घेतलेला पाहिला, जेवण जेवले. आता यापुढे ते सर्वजण साक्षीदार झाले. जमिनीची वहिवाट, कामातील मदत आणि विधींतील सहभाग यांबाबतचे परस्परसंबंध अशा सामाईक प्रतिमांच्या धाग्यांनी बांधलेले असतात, हे सुझान क्यूख्लर या मानवशास्त्रज्ञ स्त्रीने उत्तर न्यू आयर्लंडमधील संशोधनातून सविस्तर दाखविले आहे.

मग लाकूड टाकून का देतात?

एवढे समजले म्हणजे दुसरे कोडे आपोआप सुटते. लाकूड जतन केले असते, तर ज्याच्या घरात ते राहिले त्याच्याच हाती सत्ता गेली असती. ते चोरता आले असते, नकलता आले असते, आणि जुन्या लाकडाकडे बोट दाखवून नवा माणूस खोटा हक्क सांगू शकला असता. लाकूड नाहीसे झाले की प्रतिमा केवळ स्मरणात राहते, आणि स्मरण हे ज्यांना रीतसर पाहू दिले त्यांच्याजवळच असते. तेव्हा नाश हा मलंगनाच्या घडणीचाच शेवटचा टप्पा होय. कोरणे, रंगवणे, डोळा बसवणे, मांडणे आणि टाकणे या पाच पायऱ्यांपैकी एकही गाळली तर व्यवहार अपुरा राहतो. वास्तविक, लवकर कुजणारे हलके लाकूड या व्यवहाराला सर्वतोपरी अनुकूल आहे. ततानुआ मुखवटे मात्र पुन्हा नाचण्यासाठी जपून ठेवीत. म्हणजे नाश करण्याची ही रीत निष्काळजीपणाची नसून कोणती वस्तू राखावी आणि कोणती सोडावी याचा तो विचारपूर्वक केलेला विवेक होता.

थोडक्यात
• मलंगन म्हणजे उत्तर न्यू आयर्लंडमधील मृतांचा अखेरचा समारंभ आणि त्यात मांडावयाचे कोरीवकाम.
• लाकूड बहुधा सातविणीचे. डोळे समुद्री गोगलगाईच्या शंखाच्या झाकणाचे.
• धनेश हा त्यातील एक प्रमुख पक्षी. तो मुखवट्यावर कोरतात, तसेच त्याचे सुटे मस्तक दातांत धरूनही नाचतात.
• प्रतिमेवर मालकी असते. ती सर्वांसमक्ष मोबदला देऊन आणि पाहून मिळवावयाची असते.
• लाकूड नष्ट करतात. हक्क स्मरणात आणि साक्षीत टिकतो.

संग्रहालयांतील पाच हजार

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय व्यापारी, अधिकारी आणि संशोधक बेटावर येऊ लागले तेव्हा समारंभानंतर निरुपयोगी झालेले हे कोरीवकाम त्यांना विकणे बेटवासीयांना सोयीचे वाटले. टाकून देण्याचाच तो एक प्रकार होता. १९०७ ते १९०९ या काळात जर्मन नौदलाची संशोधक मोहीम तेथे राहिली, आणि तिचे नेतृत्व पुढे ज्याच्याकडे आले त्या ऑगस्टिन क्रेमर याने १९२५ साली मलंगनावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. बर्लिन, बाझल, लंडन, न्यूयॉर्क इत्यादी ठिकाणच्या संग्रहालयांत मिळून आज सुमारे पाच हजार मलंगने असावीत असा क्यूख्लर यांचा अंदाज आहे. जी वस्तू नाहीशी होण्यासाठी घडविली, तीच जगात मोठ्या संख्येने जतन झाली, आणि ती समजून घेण्यात पाहुण्यांची दीर्घकाळ चूक होत राहिली. कारण कपाटातील मुखवट्याकडे पाहणारा त्याला मूर्ती समजे किंवा शोभेची वस्तू समजे, आणि त्यामागील व्यवहार त्याच्या लेखी नसेच.

ख्रिस्ती मिशनऱ्यांचा विरोध, परकीय अंमल, मजुरीसाठी झालेले स्थलांतर या सर्वांतून मलंगन पार पडले आहे. काही गावांत आता लाकडाच्या जागी सिमेंटची स्मारके उभारतात. तरीही जेवणे होतात, मोबदला दिला जातो, आणि कोणती प्रतिमा कोणाची याची चर्चा पूर्वीइतक्याच कळकळीने होते. म्हणून एखाद्या दालनात धनेशाची ती लांब चोच दिसली, तर ती किती जुनी आहे याआधी आपण विचारावे की, ती कोणाच्या हक्काची होती, ती कोणापुढे मांडली गेली, आणि ती पाहण्याचा अधिकार कोणाला देण्यात आला. संग्रहालयांनीही आपल्या पाट्यांवर वर्ष आणि लाकूड यांच्या जोडीने या प्रश्नांची उत्तरे, जेथे ती बेटावरच्या वारसांकडून मिळू शकतात तेथे तरी, मागून घ्यावीत आणि लिहावीत. लिपी नसलेल्या माणसांनी मालकी, कर्ज, वारसा आणि साक्ष यांसारख्या कठीण कल्पना इतक्या काटेकोरपणे सांभाळल्या, ही त्यांच्या बुद्धीची मोठी कमाई आहे. आणि त्या कमाईचा मान राखणे हे ते लाकूड वाळवीपासून वाचविण्याहून अधिक निकडीचे कर्तव्य आहे.